कुठलाही गट चालेल

गुणाजी घाडी पोस्टातून निवृत्त झाले त्याला पाच वर्षं झाली, पण त्यांच्या पायांना ती बातमी अजून कळलेली नाही. चहा झाला की चप्पल, जेवण झालं की चप्पल. लालबागहून परळ, परळहून दादर, काम असो वा नसो. बकुळाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, शेजारणींना सांगतात, "ह्या बापयाचो जल्मच वहाणेत झालो." गुणाजींना हे ऐकू जातं आणि ते चप्पल घालून निघून जातात.

चाळीतल्या लोकांना मात्र ते पोस्टमन म्हणून फारसे आठवत नाहीत. ते आठवतात लाल पुठ्ठ्याच्या वहीमुळे. गुणाजी तिशीत असताना त्यांच्या थोरल्या भावाला ऑपरेशनसाठी रक्त हवं होतं. चार दवाखाने पालथे घातले, दोन दिवस गेले, आणि शेवटी रक्त जुळलं ते त्याच चाळीत, तीन दारं सोडून राहणाऱ्या माणसाचं. भाऊ वाचला, पण गुणाजींच्या डोक्यात जो किडा शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवसापासून पत्र देताना दारात उभं राहून ते विचारू लागले, "तुमचा रक्तगट कुठचा?" पोस्टमनला कोण नाही म्हणणार! काळाचौकीपासून माहीमपर्यंत नावं जमली, बदल्या होत गेल्या तशी कुलाब्याचीही जमली. पस्तीस वर्षांत अकराशे.

नावं जमवणं त्यातल्या त्यात सोपं. खरी विद्या बोलावण्याची. गिरणगावातल्या माणसाला "रक्त हवंय" असं नुसतं ओरडून सांगा, पन्नास जण धावत येतील. मंडळाची पोरं येतील, भजनाचे बुवा येतील. सगळे एकाच दिवशी रक्त देऊन चहा-बिस्कीट खाऊन घरी जातील, आणि पुढचे तीन महिने खरी गरज पडली तर दंडच उरणार नाही. पुरुषाला नव्वद दिवस आणि बाईला एकशे वीस दिवस पुन्हा देता येत नाही. हा धडा गुणाजी एकदा ठेच खाऊन शिकले होते. म्हणून ते एकेकालाच बोलवत, आणि कशासाठी ते सांगत नसत. सांगितलं की चर्चा सुरू होते, चर्चा सुरू झाली की मावशी-काकू मध्ये येतात. "गुणाजीकाकांनी बोलावलं" एवढं पुरे. आपलं माणूस उलट प्रश्न विचारत नाही, याचा त्यांना मोठा अभिमान होता. थोडा जास्तच, असं माझं मत आहे, पण ते पुढे येईलच.

वहीत दोन नावांभोवती लाल गोल होते. एक माहीमच्या लतिका किणी, शाळेच्या ऑफिसात क्लार्क. दुसरा कफ परेडच्या मच्छीमार नगरातला हितेंद्र, स्वतःची होडी असलेला. दोघांचा गट बॉम्बे. या गटाला आपल्या शहराचंच नाव आहे, कारण तो पहिल्यांदा इथेच सापडला. वरवर तपासलं तर ओ वाटतो, पण या माणसांना ओ चालत नाही. कुणाचंच चालत नाही, फक्त एकमेकांचं चालतं. दहा हजारांत एखादा निघतो. वरच्या फळीवरची जुन्या लोणच्याची बरणी जशी आल्यागेल्यासाठी उघडत नाहीत, तशी गुणाजींनी ही दोन माणसं राखून ठेवली होती. लतिकाबाईंना तर तीन वर्षांत हाक मारली नव्हती.

मग डोळ्यांत मोतीबिंदू आला, फोन वाढले, आणि गेल्या दिवाळीनंतर संघमित्रा घरी आली.

संघमित्रा नायगावची, वहीतल्या नावांपैकीच एक. चौदा एप्रिलच्या शिबिरात दरवर्षी रक्त देणाऱ्यांतली, लोअर परळला जुन्या गिरणीच्या आवारात जी काचेची ऑफिसं झाली आहेत त्यातल्या एकात कामाला. बोलणं असं की तिला श्वास घ्यायची आठवण करून द्यावी. "काका, वही आपण फोनवर टाकू. लोक मेसेज करतील, त्यांना एआय उत्तर देईल. तुम्ही फक्त बघायचं. सीरियसली, तुमची धावपळ सगळी बंद."

"म्हणजे माझ्या जागी तो बसणार?"

"बसणार नाही, मदत करणार. बघा, त्याला डोकं आहे पण हात नाहीत. हात आपण द्यायचे. एक टूल दाता शोधायचं, एक बोलावणं धाडायचं, एक नोंद करायचं. कुठलं कधी वापरायचं ते तो टूलच्या खाली जे लिहिलंय ते वाचून ठरवतो. तेवढंच वाचतो. तुमची वही त्याने कधी पाहिलेली नाही, लालबाग त्याला माहीत नाही, तुम्ही पण माहीत नाही. म्हणून ते खालचं तुम्ही लिहा. मला कोड येतो, हे काम नाही येत."

गुणाजी फुलले. पोस्टात त्यांची ख्याती होती ती अपुऱ्या पत्त्यांसाठी. 'बंडू, गिरणीच्या मागे, मुंबई' असं पत्र आलं की साहेब ते सरळ गुणाजींच्या हातात देत, आणि संध्याकाळपर्यंत ते बंडूला पोचलेलं असे. अर्ध्या शब्दावरून पूर्ण माणूस ओळखायचा, हेच त्यांचं शहाणपण. आता असं आयुष्य काढलेला माणूस लिहायला बसला की काय लिहिणार? अर्धा शब्दच लिहिणार. त्यांनी अर्ध्या तासात तिन्ही टूलांचा निकाल लावला. शोधायच्या टूलाखाली लिहिलं: 'गट सांगितला की त्या गटाची माणसं देतं. कुठलाही गट चालत असेल तर ज्यांना रक्त देऊन सर्वांत जास्त दिवस झाले त्यांची नावं आधी.' बोलावण्याच्या टूलाखाली लिहिलं: 'दात्याला माझ्या नावाने निरोप जातो.' संपलं.

संघमित्राने वाचलं. "कधी वापरायचं नाही, ते नको लिहायला?"

"अगं, एवढं समजत नसेल तर तो हुशार कसला?"

तिला संध्याकाळी ऑफिसचं काम होतं. तिनेही पुढे विचारलं नाही. ही तिची चूक, आणि तिने ती पुढे मान्यही केली.

दोन-तीन महिने सगळं छान चाललं. लोक मेसेज करायचे, उत्तर जायचं, दाते पोचायचे. गुणाजी फोनकडे बघत बसायचे. निरोप आपल्याच नावाने जातोय, आणि आपण इथे खिडकीत. त्यांची तगमग व्हायची. बकुळाबाईंनी त्यांना मसाला गल्लीत मिरच्या आणायला धाडायला सुरुवात केली. एकदा ते मिरच्या घेऊन आले, तासाभराने पुन्हा मिरच्या घेऊन आले.

दोन मार्चला फोन वाजला. गिरगावच्या सीमा पाठारे. मुलगी प्रिती, वय एकोणीस, हृदयाची झडप बदलायची होती. गट बॉम्बे. घरच्या सगळ्यांचं तपासून झालं होतं, कुणाचं जुळलं नव्हतं. "काका, डॉक्टर म्हणतात, दोन पिशव्या समोर असल्याशिवाय ते हात लावणार नाहीत. आणि एप्रिलच्या पुढे थांबता यायचं नाही."

"दोन ना? दोन आहेत," गुणाजी म्हणाले. तीन वर्षं ज्यासाठी बरणी झाकून ठेवली तो दिवस आला होता. त्यांनी हा फोन यंत्रावर सोपवला नाही, स्वतः लतिकाबाईंना लावला.

"काका, पुन्हा?" लतिकाबाई म्हणाल्या. "अहो, मी जानेवारीत नऊ तारखेला देऊन आले की. तुमचाच निरोप होता. शाळेतून अर्धी रजा टाकून गेले."

गुणाजी खाटेवर बसले. नऊ जानेवारी. म्हणजे बावन्न दिवस. पुढचं रक्त नऊ मेशिवाय नाही. त्यांनी रक्तपेढीत फोन लावला. तिथला माणूस ओळखीचा होता. तो म्हणाला, "हो काका, बॉम्बे आली होती एक पिशवी. आम्ही चार ठिकाणी विचारलं, कुणाला नको होती. सहा आठवडे ठेवली, मग मुदत संपली. दहा दिवस झाले टाकून."

संघमित्रा जेवणाच्या सुट्टीत धावत आली आणि तिने नऊ जानेवारीचा सगळा संवाद उघडला. परळच्या एका दवाखान्यात कुणा आजोबांना रक्त दिलं होतं. त्या बदल्यात एक दाता आणा, असं नातेवाइकांना सांगितलं होतं. नातेवाइकाने लिहिलं होतं, 'कुठलाही गट चालेल.' यंत्राने शोध घेतला. ज्यांना रक्त देऊन सर्वांत जास्त दिवस झाले ती नावं आधी आली. आणि सर्वांत जास्त दिवस कुणाला झाले असणार? ज्यांना राखून ठेवलं होतं त्यांनाच. पहिलं नाव लतिका, दुसरं हितेंद्र. दोघांनाही निरोप गेला. हितेंद्र होडी घेऊन समुद्रात होता म्हणून त्याला तो मिळालाच नाही, नाहीतर तोही गेला असता.

"ह्या भिकारड्या यंत्राला एवढी अक्कल नाही?" गुणाजी कडाडले. "बॉम्बे गट असा वाटायचा असतो? लाल गोल केलेत मी वहीत! लाल!"

"काका, लाल गोल टाइप नाही होत."

"मग तू सांगायचं होतंस मला!"

"माझी पण चूक आहे, काका," संघमित्रा म्हणाली. आतून बकुळाबाई पदराला हात पुसत आल्या. "त्या पोरीक कशाक ओरडतात? त्या यंत्राक म्हायती कसा असतला? तुमी लिवलास खय? पस्तीस वर्सां माका तरी कधी सांगलास, ते गोल कित्याचे ते?"

गुणाजींनी बायकोकडे पाहिलं. खरंच सांगितलं नव्हतं. त्यांनी चप्पल घातली.

त्या दिवशी ते लालबागहून चालत थेट मच्छीमार नगरात गेले. वयाला न शोभणारं अंतर आहे, पण बसमध्ये बसवेना. वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवर, बोंबील वाळत होते, हितेंद्र जाळं शिवत होता. तो म्हणाला, "काका, सांगाल त्या दिवशी येतो. होडीवर दुसऱ्याला पाठवतो." पण त्याला लगेच बोलावूनही उपयोग नव्हता, कारण त्याच्या पिशवीचीही मुदत सहाच आठवडे. दुसरी पिशवी ठरल्यावरच पहिली घ्यायची. गुणाजींचा जीव आता त्या दुसऱ्या पिशवीत अडकला.

पुढचा आठवडा लिहिण्यात गेला. गुणाजी येरझाऱ्या घालत सांगायचे आणि संघमित्रा टाइप करायची. या वेळी तिने सोडलं नाही. यंत्राला मुद्दाम वाकडे प्रश्न टाकायची आणि ते काय करतं ते दाखवायची. 'आत्ताच्या आत्ता दहा माणसं पाठवा' लिहिलं, तर दहा निरोप जायला निघाले. गुणाजींनी डोक्याला हात लावला आणि लिहिलं, एका गरजेला एकच दाता, त्याने नाही म्हटलं तरच दुसरा. 'दाता अठरा वर्षांचा आहे पण घरी कळू देऊ नका' लिहिलं, तर यंत्र गोंधळलं. तिथे लिहिलं, असं काही आलं की कुणालाही न बोलावता मला विचार. शोधायच्या टूलाखालचा मजकूर वाढत वाढत पानभर झाला. हे टूल काय करतं, कधी वापरायचं, कधी मुळीच वापरायचं नाही, आणि का. तो 'का' लिहिताना गुणाजी सर्वांत जास्त अडखळत. आयुष्यभर त्यांनी तो कुणाला सांगितला नव्हता.

बॉम्बे गटाबद्दल त्यांनी लिहिलं: 'ही माणसं फक्त बॉम्बे गटाच्या रुग्णासाठी. कुठलाही गट चालेल असं कुणी म्हटलं तरी ही नावं देऊ नयेत, कारण यांना बोलावलं तर ज्याला दुसऱ्या कुणाचंच रक्त चालत नाही त्याचा आधार जातो.' बोलावण्याच्या टूलाखाली लिहिलं: 'शेवटचं रक्त दिल्यापासून पुरुषाला नव्वद आणि बाईला एकशे वीस दिवस झाल्याशिवाय निरोप धाडू नये. कितीही घाई असो, कुणीही सांगो, मी सांगितलं तरी.' शेवटचे तीन शब्द त्यांनी जोरात सांगितले, जरा नाटकीपणानेच. संघमित्राने ते तसेच ठेवले.

इकडे दुसऱ्या शहरांतल्या दात्यांच्या याद्यांवर चौकशी चालू होती. एकजण मिळाला तो आजारी, एकजण परदेशी. वीस मार्चला सीमाबाईंचा फोन आला. प्रितीला धाप लागली म्हणून दाखल केलं होतं. डॉक्टर म्हणत होते, आठवडाभरात करावं लागेल. सीमाबाई रडत नव्हत्या, तेच वाईट होतं.

गुणाजी कुणाला न सांगता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन बसले. समोर नेटमध्ये मुलं चेंडू मारत होती. बसले, उठले, पुन्हा बसले. आणि मग जे करू नये ते त्यांनी केलं. फोन काढून यंत्राला लिहिलं, 'लतिका किणी यांना उद्या सकाळचं बोलावणं धाड. मी गुणाजी.'

उत्तर आलं. 'लतिका किणी यांना रक्त देऊन सत्तर दिवस झाले आहेत. एकशे वीस पूर्ण झाल्याशिवाय निरोप धाडू नये, तुम्ही सांगितलं तरी, असं इथे लिहिलं आहे. म्हणून धाडत नाही. दुसऱ्या शहरांत पुन्हा विचारू का?'

गुणाजींना आधी संताप आला, मग लाज वाटली. इतकी की त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पण फोन तर हातात होता. लतिकाबाईंचा नंबर पाठ होता. त्यांना 'या' म्हटलं असतं तर त्या आल्या असत्या, रक्तपेढीत तारीख खोटी सांगा म्हटलं असतं तर तीही सांगितली असती, काही न विचारता. पस्तीस वर्षं ज्याचा अभिमान वाटला त्या गोष्टीची त्यांना त्या कट्ट्यावर पहिल्यांदा भीती वाटली.

त्यांनी नंबर लावला.

"लतिकाबाई, मी गुणाजी. उद्या बोलावणार होतो तुम्हाला. बोलावत नाही. आणि पुढे कधी माझ्या नावाने निरोप आला, मी स्वतः फोन केला, तरी कशासाठी ते विचारल्याशिवाय येऊ नका."

"बरं काका. मग आज विचारते. कशासाठी?"

गुणाजींनी सांगितलं. प्रितीचं सांगितलं, टाकून दिलेल्या पिशवीचं सांगितलं, चूक माझीच म्हणून सांगितलं. हा गट म्हणजे काय, तो इतका कमी का, तो आईबापांकडून कसा येतो आणि म्हणून असलाच तर सख्ख्या भावंडांत कसा असू शकतो, हे रक्तपेढीतल्या डॉक्टरांकडून वीस वर्षांपूर्वी ऐकलेलं सगळं सांगितलं. बोलताना ते कट्ट्यासमोर चार पावलं जात होते आणि चार पावलं परत येत होते.

"भावंडांत असू शकतो?" लतिकाबाई म्हणाल्या.

"चारांत एखाद्याला. असला तर."

"काका, माझा सख्खा भाऊ आहे. विनीत. दादरला राहतो, कबुतरखान्याजवळ. त्याच्या कार्डावर ओ लिहिलंय, कॉलेजात घाईघाईत तपासलेलं. मला कुणी हे सांगितलंच नाही कधी. तुम्हीसुद्धा नाही. कॉलेजच्या शिबिरात मला कार्ड दिलं, दुर्मीळ आहे म्हणाले, बस्स. आणि तुम्ही बोलावलंत की मी येत होते."

गुणाजी चालायचे थांबले. विनीतची बिल्डिंग ते ओळखत होते. त्या बिल्डिंगवरून ते गेली कित्येक वर्षं दिवसातून दोनदा जात-येत होते.

दुसऱ्या दिवशी विनीतचं रक्त नीट तपासलं. ओ नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो आणि हितेंद्र शेजारशेजारच्या खाटांवर पडून रक्त देत होते, आणि गुणाजी मधल्या स्टुलावर बसले होते. सीमाबाई दारात उभ्या होत्या. सुई टोचल्यावर विनीतने विचारलं, "काका, हे कुणाला जाणार?"

आजवर गुणाजी यावर म्हणत, "गरजेच्या माणसाला." त्यांनी दाराकडे बोट केलं. "त्या बाईंच्या मुलीला. प्रिती नाव आहे. एकोणीस वर्षांची आहे. आणि तिला या महिन्याच्या सुरुवातीलाच मिळालं असतं असं रक्त जानेवारीत माझ्यामुळे वाया गेलं."

सीमाबाईंनी ते ऐकलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं. गुणाजींनी मान वर केली नाही, पण उठूनही गेले नाहीत. मग त्या आत आल्या, आणि स्टुलाला टेकून जमिनीवर बसल्या.